विटी-दांडू, भाग दोन

टॉकीजमध्ये मी बॅटरी दाखवायचो. एकोणीस वर्षं.
पाठ पडद्याला, तोंड पब्लिककडे.
म्हणून पहिला भाग मी पाहिला तो चेहऱ्यांवर;
लाथ कधी बसली ते मला
वागळे इस्टेटच्या सेकंड शिफ्टच्या दातांवरून कळायचं.

दोन्ही हिरोंची चिनी नावं कुणाच्या जिभेला झेपली नाहीत.
लांब तो दांडू, बुटका ती विटी,
हे बारसं पुढच्या तीन रांगांनी पहिल्याच शुक्रवारी उरकलं.
कारण लांबड्या खरंच
बुटक्याला कॉलरला धरून
गुंडांच्या घोळक्यात टोलवायचा,
आणि अंधारातून कुणीतरी मोजायचं:
वकट, लेंड, मूंड, नाल.

आता अठरा वर्षांनी दुसरा भाग.
टॉकीज गेलं, तिथं पार्किंग आहे.
हा माजिवड्याच्या मॉलमध्ये, चौथ्या मजल्यावर,
खुर्चीला पाय पसरायची सोय.
शेजारी हसुराम तरे, आमचा बुकिंग क्लार्क,
गुडघ्याला पट्टा.
आमचं बोलणं नव्हतं. फोन त्याच्या नातीनं केला होता.
तिकिटाची किंमत वाचून हसुराम
समोरच्या भिंतीला म्हणाला,
एवढ्यात मी बाल्कनीची अख्खी रांग विकायचो.

सिनेमा सुरू.
दांडूचाही गुडघा वाजतो.
लाथ मारण्याआधी कट्ट,
आणि हॉल त्या कट्टवरच हसतो, लाथेची वाट बघत नाही.
विटी म्हणतो, थांबा,
चष्मा काढतो, खिशात ठेवतो, खिसा फाटका,
तीस गुंड तलवारी टेकवून चष्मा शोधू लागतात.
मग कोपऱ्यात शिडी दिसते.
नुसती शिडी. तिच्यावर कुणी चढलेलं नाही,
ती कुणाच्या डोक्यात पडलेली नाही,
तरी टाळ्या.
जुनी शिडी आहे ती. लोक तिला ओळखतात,
लग्नात लांबचा मामा दिसावा तसे.

गोष्ट म्हणाल तर एवढीच:
गुरूची किटली पहिल्या भागात कुणी हरवली?
पूल कोसळतो, गोदाम पेटतं,
दोघं एकमेकांच्या पाठीला पाठ लावून
डावीकडचे तुझे, उजवीकडचे माझे करत
भांडतात ते किटलीवरून.
तू धुवायला नेलीस.
नेली मी, पण ठेवली तू.
(धाड.)
झाकण माझ्याकडे आहे, ते बघ.
झाकण काय चाटायचंय?
मागची पोरगी एवढी हसली
की तिचं सरबत माझ्या मानेवर आलं.

आणि मी, सवयीनं, मागे वळलो.
दीडशे तोंडं, निळी, उघडी,
एका म्हातारीनं पदर दातांत धरलेला,
एक जाडा माणूस हवेत बुक्का मारून
बायकोकडे बघून ओशाळलेला.
पुढे काय चाललंय ते मला सगळं दिसत होतं.
काका, पुढं बघा ना, पोरगी म्हणाली.

शेवटी नावं वर सरकू लागली, तरी कुणी उठेना.
बाजूला फसलेले शॉट दाखवतात, त्यासाठी.
तिथं खोटी लाथ चुकून खरी बसते,
दांडू कपाळ धरून खाली,
आणि मारणारा विटीच पळतो बर्फ आणायला,
वाटेत वायरीत अडकून तोही पडतो,
दोघं पडल्या पडल्या हसतात, ओठातून रक्त येतंय.
इथं हॉलमधलं हसणं वेगळं होतं, जरा खालच्या आवाजातलं.
हे मी पहिल्या भागालाही ऐकलं होतं.
तेव्हा वाटलं, लोकांना बसचा उशीर होतोय.

पायऱ्या उतरताना हसुराम अडखळला.
मी मोबाईलची बॅटरी लावली, त्याच्या पायाशी धरली,
मनगट आपोआप वळलं, पूर्वीसारखं.
पायरी आहे, म्हणालो.
दिसतेय मला, तो म्हणाला.
पुढच्या पायरीवर थांबला, कठडा धरून.

त्या रात्री गल्ल्यात कमी आले ते बावीस नव्हते.
सव्वीस होते.

बावीस, मी म्हणालो.

मागची रांग आमच्यामुळे खोळंबली होती.